"एका जागी बसत नाही": माझ्या एका शेऱ्याची गोष्ट आणि औषधांमुळे होणाऱ्या हालचाली



आज कविता किंवा गणिताचा पाठ घेऊन आलेले नाही. आजचा पाठ मला स्वतःलाच शिकावा लागला, आणि तोही चूक करून. विषय आहे मानसिक आजारांवरच्या काही औषधांमुळे शरीराच्या आपोआप होणाऱ्या हालचाली. "हा तर डॉक्टरांचा विषय, आपला काय संबंध?" असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं असतं. पण अशी औषधं घेणारी मुलं आपल्याच वर्गात बसतात, अशी औषधं घेणारे आई-वडील आपल्याच पालकसभेला येतात. डॉक्टरांना मूल दहा मिनिटं दिसतं, आपल्याला रोज पाच-सहा तास दिसतं. मी डॉक्टर नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. त्यामुळे औषध कोणतं, किती, हे मी सांगणार नाही. काय बघायचं आणि ते कसं सांगायचं, एवढंच सांगेन.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याला आपण सोहम म्हणू, खरं नाव वेगळं आहे. हे लिहायच्या आधी त्याच्या आईला विचारलं आहे. सोहम स्वमग्न आहे. बोलतो, पण दोन-तीन शब्दांची वाक्यं. बेरीज मात्र फळ्यावर लिहून होण्याआधी सांगतो. त्रास एकच होता. वर्गात गोंगाट वाढला, कुणाचा धक्का लागला, की तो स्वतःच्या मनगटाला कडकडून चावायचा. मनगटावर घट्टा पडला होता. कधी शेजारच्या मुलालाही चावा बसायचा आणि मग दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे आजोबा शाळेच्या दारात. शेवटी त्याचे आई-वडील त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी रिस्पेरिडोन नावाचं औषध कमी मात्रेत सुरू केलं. हे औषध स्वमग्नता बरी करत नाही, पण त्यासोबत येणारी तीव्र चिडचिड आणि स्वतःला इजा करून घेणं कमी करतं. अमेरिकेत २००६ साली ५ ते १६ वर्षांच्या स्वमग्न मुलांसाठी त्याला याच कारणाकरता मान्यता मिळाली.

पहिला दीड महिना फार चांगला गेला. मनगटावरची जखम भरली. एकदा तर तो गटात बसून तक्ता रंगवत होता आणि मी लांबून नुसती बघत राहिले. दिवाळीच्या सुट्टीत औषधाची मात्रा थोडी वाढवली होती. ते मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नव्हतं.

सुट्टीनंतर सोहम बसेना. बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. परिपाठाच्या रांगेत या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. खिचडीचं ताट हातात घेऊन व्हरांड्यात चकरा. मध्येच माझ्याजवळ यायचा आणि म्हणायचा, "पाय, पाय." मला वाटायचं, याला मैदानावर जायचंय. मी म्हणायचे, "मधल्या सुट्टीत जाऊ हं."

आठवडाभर हे बघून मी त्याच्या वहीत शेरा लिहिला: "सोहमची चंचलता खूप वाढली आहे. एका जागी बसत नाही. सांगितलेले ऐकत नाही. इतर मुलांना त्रास होतो." खाली सही आणि तारीख. असे शेरे आपण सगळेच लिहितो. किती वेळा लिहिले असतील, त्याचा हिशेब नाही.

त्याच्या आईने पुढच्या खेपेला ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. बाईंच्या अक्षरात, सहीनिशी लिहिलंय म्हटल्यावर कुणालाही वाटणार की मूळचा त्रास पुन्हा डोकं वर काढतोय. औषधाची मात्रा आणखी वाढली.

पुढचे पंधरा दिवस मला आठवायला आवडत नाहीत. सोहम रात्री झोपेना. वर्गात उभा राहून रडायचा. मनगटाला पुन्हा दात लागले. मी वैतागून मुख्याध्यापकांना म्हणाले होते, "सर, याला सांभाळणं आता माझ्या हातात नाही."

आमच्याकडे समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका पंधरवड्यातून एकदा भेट देतात. त्या अर्धा तास मागच्या भिंतीला टेकून बसल्या, काही बोलल्या नाहीत. मग मला बाहेर बोलावून विचारलं, "बाई, हा खेळायला पळतोय का? याचा चेहरा बघितलात?" मी बघितला. कपाळाला आठ्या, दात आवळलेले, डोळ्यांत पाणी. मजेत हुंदडणाऱ्या मुलाचा चेहरा असा नसतो. मी इतके दिवस त्याचे पाय बघत होते.

मग आम्ही दोघींनी मिळून दुसरी नोंद लिहिली. त्यात "चंचल" हा शब्द नव्हता. "बसल्यावर एक-दोन मिनिटांत उठतो. उभा असताना पाय सतत बदलतो. चालल्यावर थोडा वेळ बरा दिसतो. हे दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झाले, त्याआधी नव्हते. 'पाय, पाय' म्हणतो. चेहऱ्यावर त्रास दिसतो." डॉक्टरांनी तो कागद वाचला, आईला औषध वाढवल्याच्या तारखा विचारल्या, झोपेत पाय थांबतात का विचारलं, आणि मात्रा कमी केली. आठवड्याभरात सोहम मांडी घालून खिचडी खाऊ लागला.

त्या त्रासाला अकॅथिझिया म्हणतात. शब्द ग्रीक आहे, पण भाषेच्या शिक्षकांना आवडेल असा. त्यातला पहिला 'अ' आपल्या 'अशांत', 'अस्थिर'मधल्या 'अ'सारखाच नकाराचा आहे आणि पुढच्या भागाचा अर्थ 'बसणे'. म्हणजे शब्दशः 'न बसणे'. मी शेऱ्यात नेमकं तेच लिहिलं होतं, "एका जागी बसत नाही". फक्त मी तो मुलाचा दोष म्हणून लिहिला होता. प्रागच्या लादिस्लाव हाश्कोवेत्स या डॉक्टरांनी १९०१ साली हे नाव वापरलं, तेव्हा ही औषधं अस्तित्वातसुद्धा नव्हती. औषधं आली तशी हा त्रास फार माणसांत दिसू लागला. आतून अशी काही बेचैनी उठते की हललं नाही तर सहनच होत नाही. मोठी माणसं ती शब्दांत सांगू शकतात. सोहमकडे "पाय" एवढा एकच शब्द होता.

हे होतं कसं?

मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन आहे. एका पेशीचा निरोप दुसऱ्या पेशीपर्यंत नेणारं. वर्गात मॉनिटर निरोप घेऊन जातो ना, तसंच. पण हा एकच निरोप्या मेंदूत दोन-तीन निरनिराळी कामं बघतो. एका भागात तो विचार आणि भावनांशी संबंधित असतो, तर दुसऱ्या भागात हालचाली सुरळीत ठेवतो. भास होणं, संशय येणं, टोकाची चिडचिड यांवरची ही औषधं डोपामिनचा निरोप ज्या दारातून आत जातो ती दारं अडवतात. अडचण अशी की औषधाला दारांवरच्या पाट्या वाचता येत नाहीत. विचारांच्या भागातली दारं अडवताना ते हालचालींच्या भागातलीही अडवतं. साधारण ६५ ते ८० टक्के दारं अडली की आजारावर गुण येतो आणि ८० टक्क्यांच्या वर गेलं की हालचालींचे त्रास वाढतात, असं मेंदूच्या छायाचित्रांवरून दिसून आलं आहे. म्हणजे गुण आणि त्रास यांच्यातली जागा किती अरुंद आहे बघा. डॉक्टर मात्रा हळूहळू का वाढवतात, वारंवार का बोलावतात, ते यावरून कळतं.

या ज्ञानाचा एक धागा आपल्याकडच्या मातीतून गेला आहे. परिसर अभ्यासात औषधी वनस्पती शिकवताना तो जरूर सांगण्यासारखा आहे. सर्पगंधेची मुळी वेडावर आणि झोप न येण्यावर आपल्याकडे पूर्वापार दिली जायची. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याविषयी शास्त्रीय लेख लिहिला. पुढे १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाबद्दल ब्रिटिश नियतकालिकात लिहिलं आणि जगाचं लक्ष वेधलं गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं. त्याच वर्षी पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी मनोरुग्णांना क्लोरप्रोमाझिन देऊन पाहिलं. वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं बोलू लागली, घरी जाऊ लागली. ही फार मोठी गोष्ट होती. औषधांच्या त्रासाबद्दल बोलताना ती विसरून चालणार नाही.

पण थोड्याच वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आलं की यातले काही रुग्ण ताठ होतात, हळू चालतात, हात थरथरतात. हुबेहूब कंपवातासारखे. असं का, याचं उत्तर स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांच्या सशांनी दिलं. त्यांनी सशांना रेसर्पिन दिलं, ससे जागच्या जागी खिळून बसले. मग मेंदूत ज्याचं डोपामिन बनतं असा पदार्थ टोचला आणि ससे पुन्हा हिंडू लागले. डोपामिन नसेल तर हालचाल नाही, हे १९५७ च्या त्या प्रयोगातून कळलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. (हे वाचून कुणी घरच्या घरी सर्पगंधा देऊ नये. ती जोरकस वनस्पती आहे.)

मान वाकडी झाली आणि लिंबू उतरवलं

दुसरा प्रकार मी लग्नाआधी माहेरी पाहिला आहे, तेव्हा त्याचं नाव माहीत नव्हतं. माझी चुलत बहीण अकरावीत होती. उलट्या होत होत्या म्हणून दवाखान्यातून औषध आणलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची मान एका बाजूला वळली ती वळलीच. डोळे वर चढले, जीभ बाहेर येऊ लागली, जबडा आवळला. ती शुद्धीवर होती, रडत होती, पण मान सरळ करता येत नव्हती. ओसरीवर शेजारपाजार जमला. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं नाटक करतेय, परीक्षा जवळ आली ना. काकूने लिंबू उतरवलं. माझ्या काकांनी मात्र रिक्षा बोलावली आणि निघताना गोळ्यांचं पाकीट खिशात टाकलं. त्या पाकिटानेच काम केलं. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ते बघितलं, एक इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ. बहीण उठून पाणी प्यायली. सगळ्यांना जादू वाटली.

याला तीव्र डिस्टोनिया म्हणतात. स्नायू आपोआप पिळले जातात. औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर काही तासांत ते चार-पाच दिवसांत होतो आणि मुलांना, तरुणांना जास्त होतो. लक्षात घ्या, माझ्या बहिणीला मानसिक आजारावरचं कोणतंच औषध दिलेलं नव्हतं. मेटोक्लोप्रमाइडसारखी उलटीवरची काही औषधंही तीच डोपामिनची दारं अडवतात. युरोपात २०१३ साली हे औषध एक वर्षाखालच्या बाळांना देऊ नये आणि कुणालाही पाच दिवसांहून जास्त देऊ नये, असं ठरवण्यात आलं. म्हणून वर्गात एखाद्या मुलाची मान अशी अचानक वळली तर पहिला प्रश्न विचारायचा: दोन-चार दिवसांत कोणतं औषध घेतलं? आणि वेळ न घालवता दवाखाना. क्वचित घशाचे स्नायू आवळले तर श्वासाला अडथळा होऊ शकतो. शिवाय मान वळणं धनुर्वातात किंवा मेंदूच्या तापातही होतं, ते ओळखायचं काम डॉक्टरांचं. औषध घेणाऱ्या माणसाला खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि बोलणं असंबद्ध, असं एकदम दिसलं तर तेही तातडीचंच समजायचं.

कंपवातासारखा प्रकार वर्गात पटकन ध्यानात येत नाही, कारण असं मूल कुणाला त्रास देत नाही. चेहरा निर्विकार होतो, हालचाल मंदावते, लाळ गळते, अक्षर बारीक होत जातं. आपण म्हणतो, "शांत झालाय आता." वह्या तपासताना महिन्याभरापूर्वीचं पान उलटून बघायची सवय इथे कामाला येते.

गेटवरच्या ताई

चौथा प्रकार मुलांपेक्षा मोठ्यांमध्ये जास्त दिसतो आणि शाळेशी त्याचा संबंध वेगळ्या वाटेने येतो. आमच्या शाळेत दुसरीतल्या एका मुलीला न्यायला तिची आई यायची. बारा-तेरा वर्षांपासून तिची औषधं चालू होती. तिचं तोंड सतत हलायचं. काही चघळल्यासारखं, ओठ मुडपल्यासारखे, मध्येच जीभ बाहेर. हाताची बोटं पेटी वाजवल्यासारखी. मुलांनी तिला नाव ठेवलं होतं, ते मी इथे लिहिणार नाही. एक दिवस ती लेक मला म्हणाली, "बाई, आईला सांगा ना, गेटवर येऊ नको. मी एकटी जाईन." सात वर्षांची पोर.

दुसऱ्या दिवशी परिपाठात मी मुलांना डोळ्यांची पापणी न मिटता शंभरपर्यंत मोजायला सांगितलं. पंचविसाच्या आतच सगळे हरले. "पापणी तुम्ही मुद्दाम मिटलीत का?" "नाही बाई, आपोआप." मग म्हटलं, काही माणसांचे हात, ओठ असेच आपोआप हलतात, त्यांना थांबवता येत नाही. कुणाचंही नाव घेतलं नाही. नाव ठेवणं एका दिवसात थांबलं असं नाही, पण जो मुलगा सगळ्यात पुढे असायचा तोच आठवड्याने मला म्हणाला, "बाई, त्यांना पण आपोआपच होत असेल ना?"

याचं नाव टार्डिव्ह डिस्किनेशिया, म्हणजे उशिरा येणाऱ्या नकोशा हालचाली. काही महिने ते अनेक वर्षं औषध घेतल्यावर ही सुरुवात होते. दीर्घकाळ अशी औषधं घेणाऱ्यांमध्ये साधारण चार-पाच जणांत एकाला होते. नव्या औषधांत प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही. वय जास्त असेल तर धोका वाढतो. दारं वर्षानुवर्षं अडलेली राहिली की मेंदूच्या पेशी डोपामिनला जास्तच संवेदनशील होतात, असं त्यामागचं एक कारण मानलं जातं. म्हणूनच गंमत अशी, गंमत कसली, पंचाईत अशी की औषध एकदम बंद केलं तर या हालचाली कमी होण्याऐवजी काही काळ वाढू शकतात. वर मूळ आजार उलटतो तो वेगळाच. ताठरपणासाठी दिली जाणारी ट्रायहेक्झिफेनिडिलची गोळी इथे उपयोगाची नाही, उलट त्रास वाढवू शकते. त्यामुळे शेजारणीला लागू पडलेली गोळी आपण मागून घेणं नको.

इलाज अगदीच नाही असं नाही. डॉक्टर मात्रा कमी करून बघतात, औषध बदलून बघतात. पेशीच्या आत डोपामिन भरून ठेवणारी जी यंत्रणा आहे तिच्यावर काम करणारी टेट्राबेनाझिनच्या कुळातली औषधं आहेत. त्यातल्या दोन नव्या औषधांना अमेरिकेत २०१७ मध्ये खास याच त्रासासाठी मान्यता मिळाली. आणि ती यंत्रणा म्हणजे आपल्या सर्पगंधेतलं रेसर्पिन जिथे काम करतं तीच. मुळी फिरून पुन्हा त्याच जागी आली.

लवकर सापडलं तर बरं होण्याची आशा जास्त. त्यासाठी १९७६ पासून एक साधी तपासणी वापरतात. रुग्णाला खुर्चीवर बसवतात, तोंड उघडायला, जीभ बाहेर काढायला सांगतात, अंगठ्याने एकेका बोटाला पटापट स्पर्श करायला लावतात, चालायला लावतात आणि प्रत्येक भागाच्या हालचालीला ० ते ४ गुण देतात. दहा मिनिटांचं काम. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने ही तपासणी झाली का, हे घरच्यांनी विचारायला हरकत नाही. त्या ताईंनी मला सांगितलं, "बाई, मला वाटायचं हे माझ्या आजारानेच होतंय. म्हणून कधी बोललेच नाही." बारा वर्षं.

आता एक सावधगिरी. हा लेख वाचून प्रत्येक हालचाल औषधाचीच वाटायला लागेल, तर तसं नाही. डोळे मिचकावणं, खांदा उडवणं या सवयीसारख्या झटक्यांना औषधाचं कारण नसतं. घसा सुजून गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये हातपाय वेडेवाकडे हलू लागतात, अक्षर बिघडतं, हातातून वस्तू पडतात. हा संधिवाताच्या तापाचा भाग असू शकतो आणि त्यात हृदयाच्या झडपा तपासणं गरजेचं असतं. आकडीही वेगळी. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा नुसतं वजन-उंचीवर न सोडता अशा मुलाकडे पथकाचं लक्ष वेधा.

पालकहो, मूल कोणतंही औषध घेत असेल तर वर्गशिक्षकांना सांगा. आजाराचं नाव सांगायचं नसेल तर नका सांगू, पण "अमुक तारखेपासून औषध बदललंय, काही वेगळं दिसलं तर कळवा" एवढं तरी सांगा. ते ऐकून आम्ही मुलावर शिक्का मारणार नाही, असा विश्वास तुम्हाला वाटत नसेल तर त्यात आमचीही चूक आहे. आणि त्रास दिसला म्हणून आपल्या मनाने औषध बंद करू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. डॉक्टर लांब असतील तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद सामान्य माणूससुद्धा १८००-१८०-३०२४ वर करू शकतो.

शिक्षकांना मात्र माझं सांगणं वेगळं आहे. आपल्या शेऱ्याच्या वहीतले "चंचल", "हट्टी", "आळशी", "लक्ष देत नाही" हे शब्द एकदा मोजून बघा. मी मोजले. त्या वर्षीच्या माझ्या नोंदींत "चंचल" एकोणीस वेळा होता, आणि त्यातल्या एकाही नोंदीत मूल नेमकं काय करत होतं ते नव्हतं. आता मी वहीच्या मागच्या पानावर तारीख, वेळ आणि दिसलेली हालचाल एवढंच लिहिते. कधीपासून, बसल्यावर की चालताना, चेहरा कसा होता, थांबवायला सांगितलं तर थांबतं का.

सोहम आता सहावीत, दुसऱ्या शाळेत आहे. औषध अजून चालू आहे, कमी मात्रेत. मनगटावरचा घट्टा पुसट झालाय. मागच्या महिन्यात त्याची आई बाजारात भेटली. नव्या शाळेतल्या सरांना दाखवायला म्हणून आमच्या त्या दुसऱ्या नोंदीची झेरॉक्स तिने काढून ठेवली आहे. पहिल्या शेऱ्याचं पान मी तिला फाडून टाकायला सांगितलं होतं. तिने फाडलेलं नाही. म्हणाली, "असू द्या बाई, तारीख आहे त्यावर."